मिलूदीचा ठिगळाचा बेस

मिलूदीबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की खुशाल समजावं, हा माणूस त्याच्या घरी कधी गेलेला नाही. मी गेलोय. त्याच्या फ्रिजला दार दुसऱ्याच फ्रिजचं आहे आणि ते भिंतीच्या बाजूला उघडतं, म्हणजे दूध काढायचं तर आधी अख्खा फ्रिज पुढे ओढायचा. कुकरचं झाकण भलत्याच कुकरचं; त्याची शिट्टी होत नाही, तो किंचाळतो. मोपेडची टाकी एका जातीची, सीट दुसऱ्या जातीचं आणि हँडल माझ्या मते सायकलचं. त्याची बायको रकिया पाहुण्यांना चहा ओतता ओतता सांगते, "या घरात मूळची अशी मी एकटी उरलेय. अजून माझ्यावर पक्कड चालवलेली नाही, अल्लाची कृपा."

यावर मिलूदी हसतो. लाज वाटायच्या जागी हसायची त्याला सवयच आहे.

दिवसा तो हय मोहम्मदी वस्तीत शिलाई मशिनी दुरुस्त करतो. म्हणजे एका मशिनीचं काढून दुसरीला लावतो, आणि पहिलीचं गिऱ्हाईक आलं की चहा मागवतो. शनिवार-रविवारी आमच्या ताफ्यात बेस गिटार वाजवतो. ताफा शेखा तामूचा. गाते ती, मालकीण ती, व्हॅन तिची आणि जीभही तिचीच. मी जिलाली, तिच्या उजव्या हाताला कमांजा घेऊन बसतो. व्हायोलिनच ते, पण आम्ही मांडीवर उभं धरून वाजवतो. दोघं जण बेंदीर, म्हणजे मोठे डफ, बडवतात. आणि सगळ्यात मागे, स्पीकरच्या सावलीत, मिलूदी. लग्न, सुंता, बारसं, कॅसाब्लांकात जिथे तंबू लागेल तिथे आम्ही.

त्याचा तो बेस तर विचारूच नका. शिकाऊ मुलांसाठी बनवतात तसला, स्वस्तातला, आखूड दांडीचा. लांब दांडीच्या बेसवर याची बोटं पोचत नाहीत, कारण बोटं म्हणजे गाजराची बुडखं. शिवाय आखूड बेस मोपेडवर आडवा मावतो. एवढ्या दोन कारणांवर माणसाने आपलं वाद्य निवडलं! आवाज कसा? गच्चीवर कुणी गादी झोडपतंय असा. ढब, ढब, ढब. कुठला सूर ते कळायचं नाही, सूर आहे की नाही तेही कळायचं नाही. पण पठ्ठ्या डोळे मिटून वाजवायचा, मान डोलवायचा, आणि बोटं तर अशी पळवायचा की लांबून बघणाऱ्याला वाटावं, केवढा उस्ताद!

उन्हाळा सुरू होता होता शेखा तामूचा धीर सुटला. व्हॅनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली, "सी मिलूदी, परवा नवरीच्या आईने मला विचारलं, मागे कपडे कोण धुतंय? काय सांगू मी तिला?"

"अँप जुना झालाय, लल्ला," मिलूदी म्हणाला. आमच्याकडे बाईला मानाने लल्ला म्हणतात, पुरुषाला सी.

"अँप जुना, तू जुना, मीही जुनीच. पण माझं गाणं लोकांना ऐकू येतं. हे बघ, माझ्या मावसभावाचा मुलगा झुहैर आहे. कीबोर्ड वाजवतो. डाव्या हाताने बेस, उजव्या हाताने बाकी सगळं. आणि आपल्या पाव सुरांसाठी त्याच्या पेटीला बटणं आहेत. जुन्या वेशीकडचं ते बारसं होईपर्यंत मी थांबते. तेव्हा ऐकण्यासारखं वाजवलंस तर राहा. नाहीतर तुझ्या जागी झुहैर."

दुसरा कुणी असता तर रियाज केला असता. मिलूदी सरळ दर्ब घल्लेफच्या जुन्या बाजारात गेला.

तिथून त्याने एक मेलेला बेस उचलून आणला. लांब दांडीचा, भारी, जपानी, कुठल्याशा हॉटेलच्या बँडने वापरून टाकलेला. समुद्राच्या हवेने दांडी पिळवटली होती. पण तारेचा आवाज उचलणारे त्याचे पिकअप, त्याची घोडी, त्याच्या खुंट्या, आतलं सगळं वायरिंग शाबूत होतं. मी त्याच्या गच्चीवर गेलो तर रकियाच्या वाळत घातलेल्या चादरींखाली दोन्ही बेस उताणे पडलेले आणि हा मधोमध बसलेला, तोंडात स्क्रू.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"याचं काळीज काढून त्याच्यात घालतोय."

"मेंदूचं काय? तो कुठल्या बाजारात मिळतो?"

"जिलाली, तुझी चेष्टा चालू दे. पण तेवढी ती चादर धर, भुसा उडतोय."

मोठ्याचा पिकअप छोट्याच्या खोबणीत बसेना. मग याने लाकूड कोरलं. चांभाराच्या रापीने! घोडीची भोकं जुळेनात, तर नवी पाडली आणि जुनी साबणाने बुजवली. खुंट्या जाड होत्या, त्यांच्यासाठी दांडीच्या डोक्याला एवढाली भोकं केली की मला वाटलं, आता हे डोकं तुटून हातात येणार. लांब तारा कापून आखूड केल्या. शेवटी त्या बेसकडे पाहवेना. एका अंगाला लाकूड उघडं पडलेलं, मध्येच चकचकीत धातू, बटणं दोन रंगांची. भिकाऱ्याच्या झग्याला सोन्याची बटणं लावावीत तसं.

पण त्याने तार छेडली. खोटं कशाला बोलू? आवाज गोल होता, भरलेला होता आणि स्वच्छ होता. खाली स्वयंपाकघरात रकियाच्या हातातलं भांडं थांबलं. मिलूदीने माझ्याकडे असं बघितलं, जणू पृथ्वीचा शोध यानेच लावला.

"आता बोल," तो म्हणाला.

"बारशाला बोलू," मी म्हणालो.

बारशाचा दिवस उजाडला. रस्त्यात तंबू, सकाळीच मेंढा कापलेला, मुलाचं नाव ठेवून झालेलं, बायका ठेवणीतल्या काफ्तानात. आम्ही दुपारच्या जेवणाआधी वाजवायला बसलो. पहिली दोन गाणी सरळ होती आणि बेस असा दणदणला की बेंदीरवाल्यांनी मागे वळून पाहिलं. शेखा तामूच्या भुवया वर गेल्या. मिलूदी फुगला. इतका फुगला की मला वाटलं, याला दोरी बांधायला हवी.

तिसरं गाणं आमच्या जुन्या धाटणीचं. त्यात एक सूर लागतो, कोमलही नव्हे आणि शुद्धही नव्हे, दोघांच्या बरोबर मध्ये. तो लागला नाही तर ते गाणं गाऊच नये. शेखाच्या गळ्यात तो आहे. माझ्या कमांजाला पडदे नाहीत, मी बोट ठेवतो तिथे तो निघतो. पण बेस गिटारला पडदे असतात, दांडीवर ठोकून बसवलेल्या लोखंडी पट्ट्या. तिथे मधला सूर नाहीच. आजवर मिलूदी त्या जागी शुद्ध सूर ठोकत आला होता आणि त्या गादीच्या ढबढबीत कुणाला काही कळलं नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. आता मात्र त्या जपानी पिकअपने त्याचा सूर उचलून तंबूभर फिरवला. वर शेखाचा मधला सूर, माझाही मधला, आणि खाली हा, ढळढळीत चुकीचा, वर आणखी खणखणीत! माझे दात शिवशिवले. मांडीवर बाळाला घेऊन बसलेली एक आजी कानाशी हात नेऊन आमच्याकडे बघू लागली. शेखाने ओळ अर्ध्यात तोडली, बेंदीरवाल्यांना खूण केली आणि हसत हसत जाहीर केलं, "जेवून घ्या, मंडळी! मटण थांबणार नाही."

यजमानांनी टाळ्या वाजवल्या. मिलूदीने वाजवल्या नाहीत. त्याला कळलं होतं.

शेखा पाहुण्यांच्या तंबूत गेली. आम्ही वाजवणारे मागे, आचाऱ्यांच्या अंगणात. मिलूदीने ताटाला हात लावला नाही.

"इतकी वर्षं असंच वाजत होतं का रे?" त्याने विचारलं.

"मला काय ठाऊक? इतकी वर्षं तू ऐकूच येत नव्हतास."

हे मी त्याला बरं वाटावं म्हणून म्हणालो. म्हणून झाल्यावर कळलं मी काय म्हणालो ते.

तो उठला. एका आचाऱ्याकडून पक्कड मागून आणली, चुलीवर सुरी तापवली, तारा सैल केल्या आणि पडदे उपटायला बसला.

"अरे, वेडा झालास का? जेवण उरकलं की वाजवायचंय!"

"तुझ्या कमांजाला कुठे आहेत पडदे?"

"मी लहानपणापासून बिनपडद्याचा वाजवतोय, गाढवा. तू कधी वाजवलायस?"

"धर इकडे."

धरला मी. काय करणार? तो तापलेली सुरी लावायचा, पकडीने ओढायचा, लोखंड निघायचं आणि बरोबर लाकडाचा कपचा. स्वस्तातलं लाकूड ते, त्याचा काय भरवसा! त्याची बोटं चिरली, भाजली. उरलेल्या खाचांत त्याने बारशाच्या मेणबत्तीचं मेण ओतलं आणि बाहीने पुसून घेतलं. आचारी हसत होते. एक जण म्हणाला, "उस्ताद, सालं काढून झाली असतील तर चिरून द्या, भाजीत घालू." मी त्याला अशी शिवी हासडली की ती इथे लिहिता येत नाही.

जेवणानंतर आम्ही परत बसलो. शेखाने तेच गाणं धरलं. मुद्दाम धरलं, तिचा स्वभावच तसा. मिलूदीचे डोळे आज उघडे होते. पहिली ओळ त्याची पार वाया गेली; कुठे वर, कुठे खाली, दारू प्यायलेला माणूस अंधारात जिना शोधतो तसा चाचपडला. शेखाचे खांदे ताठ झाले. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी तो मधला सूर लांबवला. धरूनच ठेवला. आणि खालून मिलूदी आला. सरकत आला, थोडा पुढे गेला, मागे आला आणि टेकला. त्या सुराखाली बरोबर टेकला. कमांजाचं बूड माझ्या मांडीवर थरथरलं.

मी चाळीस वर्षं वाजवतोय. माझ्या सुराखाली असं कुणी कधी उभं राहिलेलं नव्हतं. रडू आलं मला, सरळ सांगतो. मिलूदीमुळे रडू यावं, हीदेखील एक बेइज्जतीच!

तो जास्त काही वाजवत नव्हता. एरवीची ती बोटांची पळापळ गेली होती. मोजके सूर, पण प्रत्येक सूर ऐकून ठेवलेला. बायका उठल्या, केस मोकळे सोडून नाचू लागल्या, तंबू टाळ्यांनी भरला. शेखाने ती ओळ परत घेतली, मग पुन्हा घेतली. पैसे उधळल्याशिवाय ती बाई कुठलीही ओळ दुसऱ्यांदा गात नाही, आणि उधळलं तर कुणीच नव्हतं.

संध्याकाळी सामान आवरताना ती मिलूदीजवळ आली. हातात अजून डफली होती.

"सी मिलूदी, अल्ला तुझ्या आईबापांवर दया करो," ती म्हणाली. "आज जेवणानंतर जे वाजवलंस, तसं माझ्यामागे कुणी वाजवलेलं नाही."

मिलूदीने मान खाली घातली. मी म्हणालो, "मग झालं तर! त्या झुहैरला सांग, पेटी घरीच ठेव म्हणावं."

ती डफलीवरची धूळ पुसू लागली.

"माझा मावसभाऊ जेवायला होता," ती शेवटी म्हणाली. "तेव्हाच झुहैरला घ्यायचं आमचं ठरलं. आम्ही फातिहा वाचली."

आता यापुढे बोलणार काय! हात पसरून कुराणातली फातिहा वाचली की शब्द पक्का झाला. तो फिरवला तर उद्या तिच्या तंबूत कोण बसेल, तिच्या मुलीला कोण मागणी घालील? आम्ही अंगणात पडदे उपटत होतो, त्याच वेळी ही पलीकडे मटणाच्या ताटावर हात पसरून बसली होती. एवढी घाई! जेवण संपेपर्यंत दम धरवला नाही बाईला! मी तोंडावर बोललो तिला हे सगळं. तिने ऐकून घेतलं, आणि तेच मला जास्त झोंबलं.

मिलूदीने मला गप्प केलं. मग त्याने आपले हात पुढे पसरले, चिरलेले, मेण लागलेले, "आमीन" म्हणाला आणि ते चेहऱ्यावरून फिरवले. दुसऱ्याच्या सौद्याला स्वतःहून आमीन म्हणणारा असा मूर्ख मी दुसरा पाहिलेला नाही.

शेखा व्हॅनकडे गेली. मिलूदीने बेस फडक्यात गुंडाळला, मोपेडवर आडवा बांधला. दोरी दोनदा सुटली. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "जिलाली, तो मधला सूर. लागला होता ना?"

"लागला रे गाढवा," मी म्हणालो. "लागला होता."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि मोपेडला लाथ मारू लागला.