वहिनीची पकड

आमच्या वहिनीनं घातलेली वेणी तीन दिवस सुटत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं मला समोर बसवलं आणि माझ्या केसांचा ताबा घेतला. "आई गं" म्हटलं की पाठीत फणी. "गप्प बस, हलू नकोस, बोलू नकोस!" अख्खी शाळा मी भुवया वर चढलेल्या अवस्थेत काढली. वर्गातल्या बाई विचारायच्या, "एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय गं तुला?"

पण हाताला गुण आहे, हे मात्र खरं. गेली तेवीस वर्षं ती एकाच पार्लरमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीवर काम करते. लग्नाच्या नवऱ्या तिचीच तारीख मागतात, कारण तिनं बांधलेला अंबाडा पाठवणीपर्यंत जागचा हलत नाही. तिथल्या तिघी पोरींनी कात्री धरायला तिच्याकडून शिकून घेतलं. त्यामुळे पार्लरच्या मालकीणबाईंनी एक दिवस सगळ्यांना बोलावून जे सांगितलं, ते वहिनीला फारच झोंबलं.

झालं होतं असं की समोरच्या रस्त्यावर नवीन पार्लर उघडलं होतं आणि तिथे केस लांब करून मिळत होते. म्हणजे आपल्या केसांना दुसरे खरे केस जोडून देतात ते, हेअर एक्स्टेन्शन. खांद्यापर्यंतचे केस घेऊन आत गेलेली बाई कमरेपर्यंतचे घेऊन बाहेर येते. आमच्या मालकीणबाईंची गिऱ्हाइकं तिकडे वळायला लागली. तेव्हा त्यांनी फर्मान काढलं: दोन महिन्यांत ज्या हे रीतसर शिकून परीक्षा पास होतील, त्यांना खुर्ची. बाकीच्यांनी मागे बेसिनवर केस धुवायचे.

"मी केस धुवायचे?" घरी येऊन वहिनी गरजली. "आणि मी शिकवलेल्या पोरी माझ्या खुर्चीवर उभ्या राहणार?"

"खुर्चीवर नाही, खुर्चीमागे," दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ आणि तिचा नवरा. कुठे बोलू नये हे त्याला अजून कळलेलं नाही.

झालं, पुढच्या रविवारपासून वहिनी क्लासला जायला लागली. चष्म्याच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली, सहा आरसे, एक बेसिन आणि सात विद्यार्थिनी. त्यात वहिनी सगळ्यात मोठी, शेहेचाळीस वर्षांची. शिकवणारी पोरगी पंचविशीची, आणि तिचे स्वतःचे केस कानाच्याही वर कापलेले.

"जिच्या डोक्यावर बोटभर केस नाहीत, ती मला केस लावायला शिकवणार!" पहिल्या रविवारी वहिनी तणतणत परत आली. "आणि शिकवलं काय, तर नाही म्हणायला! डोक्याची कातडी बघा, केस हलकेच ओढून किती हातात येतात ते बघा, ज्या केसांना वजन पेलणार नाही त्या बाईला सरळ परत पाठवा. अगं, आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायला पैसे भरून शिकायचं?"

पण वहिनीचं एक आहे. तोंडानं कितीही आदळआपट केली, तरी हात कामाला लागलेले असतात. तिसऱ्या रविवारपर्यंत तिच्याकडे एक वही आली. केस दोनदा धुवायचे, पण कंडिशनर लावायचा नाही, नाहीतर पट्टी घसरते. शेपटीच्या, म्हणजे टोकदार दांडीच्या कंगव्यानं सरळ भांग पाडून केसांचा पातळ पदर उचलायचा. खालून जोडायच्या केसांची एक चिकटपट्टी, वरून दुसरी, मधे आपला पदर, की झाली एक जोडी. डोक्याच्या कातडीपासून बोटभर लांब आणि कपाळाच्या कडेपासून दोन बोटं आत. शेवटी खरे केस कुठे संपतात आणि जोडलेले कुठे सुरू होतात ते कळू नये अशी कात्री फिरवायची. हे सगळं मला अजून पाठ आहे, कारण तिची उजळणी मी घेत होते.

सरावासाठी क्लासमधून एक डोकं घरी आलं. प्लास्टिकचं, लांब केसांचं, गुलाबी ओठांचं. ते जेवणाच्या टेबलावर स्टँडला लावलेलं असायचं. दादा रोज सकाळी चहा घेताना त्याच्याकडे बघून हसायचा, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं धाकटी. "थोरली ओरडते, धाकटी निदान ऐकून तरी घेते," असं दादा म्हणाला आणि त्या दिवशी त्याला डब्यात काल उरलेलं मिळालं.

धाकटीवर हात बसल्यावर जिवंत डोकं हवं होतं. दादाच्या डोक्यावर धरण्यासारखं काही उरलेलं नाही. राहिले मी. चौतीस वर्षांची, बिनलग्नाची, चपलांच्या दुकानात नोकरी आणि संध्याकाळी रिकामी. शिवाय खरं सांगते, मला लांब केसांची हौस होती.

पहिली पट्टी लागली तेव्हाच डोळ्यांत पाणी आलं. वहिनीनं सवयीप्रमाणे पदर असा ताणून धरला होता, की जणू मी कुठे पळून जाणार होते. क्लासमध्ये ती पोरगी तिला दर रविवारी सांगायची, "सैल, काकू, सैल. केस मुळाशी हलले पाहिजेत. आणि ओळ संपली की विचारा, दुखतंय का." वहिनी घरी येऊन म्हणायची, "सैल लावलं तर पडेल. माझ्या हातचं आजवर काही पडलेलं नाही." आणि विचारायची म्हणून मला विचारायची, "दुखत नाही ना?"

आता अशा विचारण्याला काय उत्तर द्यायचं? मी म्हणायचे, "नाही."

एक तर लहानपणापासूनची सवय. आणि दुसरं म्हणजे, मला ती बेसिनपाशी उभी दिसायला नको होती. ज्या बाईनं मला शाळेत पाठवलं, माझ्या नोकरीसाठी दुकानदाराशी भांडली, तिनं त्या पोरींच्या गिऱ्हाइकांची डोकी धुवायची? छे! त्यापेक्षा चार केस उपटलेले परवडले. मी उशीवर पालथी झोपायला लागले, दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या गिळायला लागले. आणि गंमत बघा, दिवसभर मी तिथे गिऱ्हाइकांना सांगायचे, "चावत असेल तर आत्ताच बोला बाई, घरी गेल्यावर काही उपयोग नाही."

परीक्षेच्या दिवशी दोन तासांत वीस जोड्या लावायच्या होत्या. वहिनीनं पंधरा मिनिटं राखून संपवल्या. बाकीच्या पोरी घामाघूम, आणि आमची बाई कंगवा पुसत ऐटीत उभी. मास्तरीणबाई आल्या. हो, तोवर घरात तिला पोरगी म्हणायचं बंद झालं होतं.

"दुखतंय का?" त्यांनी मला विचारलं.

"छे, अजिबात नाही."

"हनुवटी छातीला लावा बघू."

मी प्रयत्न केला. हनुवटी अर्ध्यावर अडकली.

"बरं, हसून दाखवा."

मी हसले. म्हणजे खालचा ओठ हसला, वरचं सगळं जागच्या जागी. आरशात बघितलं तर भुवया वर चढलेल्या, शाळेत होत्या तश्शा. पलीकडच्या दोन पोरी फिदीफिदी हसल्या. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कानशिलाजवळची एक पट्टी उचलली, तर पट्टीबरोबर कातडीही वर आली. पट्ट्या सुटायचं औषध लावून ती सोडवली तेव्हा खाली लाल पुरळ आणि तुटलेले बारीक केस.

"हे आजचं नाही," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस असं चाललंय. काकू, तुमचा हात छान आहे, पण मी पास करू शकत नाही. पंधरा दिवसांनी या. यांच्या कानशिलांना हात लावायचा नाही, फक्त मागचे केस घ्या. तीच शेवटची संधी."

घरी येऊन वहिनीनं पिशवी आपटली. दार लावलं आणि मग फुटली.

"केसानं गळा कापलास माझा!"

"मी? अगं, मी तुझ्यासाठी गप्प बसले!"

"माझ्यासाठी? धाकटी गप्प बसते, ती प्लास्टिकची आहे म्हणून. तुला देवानं तोंड दिलंय ना? तू बोलली नाहीस तर माझ्या हाताला कळायचं कुठून?"

माझंही डोकं फिरलं. आधीच ते ठणकत होतं. "आणि बोललं की पाठीत फणी कोण घालायचं?"

दादा पेपर वाचत होता. तो उठला, टेबलावरून धाकटीला उचललं आणि तिला घेऊन आतल्या खोलीत गेला. एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी कुणीच हसलं नाही. वहिनी खुर्चीत बसली आणि तिनं आपले पंजे उलटून बघितले.

"घालायचे खरं," ती म्हणाली. "आमच्याकडे असंच होतं गं. आई मलाही घालायची."

मग तिनं माझ्या कानशिलांना खोबरेल लावलं. इतक्या हळू, की मला रडूच आलं.

पुढचे पंधरा दिवस मात्र वैताग. आता तिचा माझ्यावर विश्वासच उरला नव्हता. एक पट्टी लावली की विचारायची, "दुखतंय?" मी म्हणायचे, "नाही." ती म्हणायची, "खोटं," आणि काढून परत लावायची. भाजीत मीठ बरोबर आहे म्हटलं तरी खोटं. झोप झाली म्हटलं तरी खोटं. दोन तासांच्या कामाला तिला चार तास पुरेनात. जी वर्गातली सगळ्यात चपळ बाई होती, ती आता सगळ्यात रेंगाळणारी झाली. "ज्याचं जळतं त्याला कळतं, मला कसं कळणार?" असं पुटपुटत ती पट्टीखाली बोट घालून बघायची, केस चारी बाजूंना हलवायची, आणि परत विचारायची.

दुसऱ्या परीक्षेला खोलीत आम्ही तिघीच. वहिनी, मी आणि घड्याळ लावून बसलेल्या मास्तरीणबाई. पहिल्या पाच जोड्यांना पाऊण तास गेला. मग हाताला वेग आला. पंधरा झाल्या, अठरा झाल्या. एकोणीस. उरली एक, उजव्या कानामागची, आणि हातात दहा मिनिटं. वहिनीची बोटं गार पडली होती, मला मानेवर कळत होतं. तिनं पदर घेतला, पट्टी बसवली आणि श्वास सोडला.

मला चिमटलं.

फार नाही. शेजारचे एक-दोन केस पट्टीत आले असतील. सोडवून, पुसून, वाळवून परत लावायचं म्हणजे पंधरा मिनिटं कुठेच गेली नाहीत. एवढंसं चिमटणं कुणाला कळणार होतं? हनुवटी खाली जात होती, भुवया जागेवर होत्या. वीस जोड्या पूर्ण, खुर्ची पक्की. मी दात आवळले.

"दुखतंय?" वहिनीनं विचारलं.

आरशात तिचा चेहरा दिसत होता. ती खरोखरच विचारत होती. उत्तर काय येईल ते तिला माहीत नव्हतं आणि तिला ते हवं होतं.

"हो," मी म्हणाले. "दुखतंय."

तिनं घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, थोडं सोस गं बाई. तिनं औषधाची बाटली उघडली.

वेळ संपली तेव्हा विसावी जोडी तिच्या हातात होती. मास्तरीणबाईंनी एकेक पट्टी उचलून बघितली, मला हसवलं, वाकवलं, मान फिरवायला लावली. सगळं हललं, कुठे काही ओढलं नाही.

"एक कमी आहे, काकू."

"तिला दुखत होतं," वहिनी म्हणाली.

"त्याचे मार्क जाणार. आणि वेळेचेही."

"जाऊ देत."

मास्तरीणबाईंनी कागदावर बेरीज केली, परत केली. पास होण्यापुरते मार्क होते, त्याहून दोनच जास्त. सात जणींत सातवा नंबर. "पास," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे केला. वहिनीनं तो चष्मा लावून दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे पुसले आणि मला म्हणाली, "चल, जिन्यात बस."

"आता कशाला?"

"एका बाजूला कमी दिसतंय. अशी नेऊ का तुला रस्त्यानं?"

मी पायरीवर बसले, ती वरच्या पायरीवर. खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी मोठ्यानं अक्षरं वाचत होतं. तिनं पिशवीतून नवी जोडी काढली, कंगव्याच्या शेपटीनं पदर वेगळा केला, खाली एक पट्टी, वर एक.

"दुखतंय?"

"नाही."

मी "खोटं" ऐकायची वाट बघत राहिले. तिनं पट्टी चिमटीत धरून नीट दाबली आणि कंगवा पिशवीत टाकला.