गुडघा दुमडला तर?

“चपला बाहेर, डॉक्टर!” मी खुर्चीतूनच ओरडलो. परभणीच्या आमच्या कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटरला देवघराचा मान होता. नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. सर्जन डॉ. शेख चपला काढून आत आले आणि त्यांनी रक्तवाहिन्यांचा एक एक्स-रे माझ्या टेबलावर ठेवला.

ताडकळसकडच्या धोंडिबा मेंढपाळाच्या मांडीतली मुख्य रक्तवाहिनी बुजली होती. पायाचा अंगठा काळा पडू लागला होता. डॉक्टर त्याच्याच पायातली एक शीर काढून बायपास करणार होते, म्हणजे बंद रस्त्याला वळणरस्ता. तो टिकला नाही तर पाय कापावा लागणार होता.

“खालचा जोड गुडघ्याच्या वर देऊ की खाली?” त्यांनी विचारलं. “खाली वाहिनी चांगली आहे.”

मी मूळचा पाइपातल्या पाण्याचा माणूस. वाहताना भोवरे कुठे होतील, ते आमचा प्रोग्रॅम सांगायचा. भोवऱ्यात रक्त रेंगाळतं आणि गोठतं. उत्तर आलं: जोड गुडघ्याखाली द्या. मी ऐटीत प्रिंटआउट घेऊन वॉर्डात गेलो.

धोंडिबा खिडकीशी उभा होता. सारा भार काठीवर, आजारी पाय दुमडून दुसऱ्या गुडघ्याला टेकवलेला. मेंढरं राखताना हे लोक असेच उभे राहतात.

“मामा, खाट सोडून हे काय?” डॉक्टर म्हणाले.

“पडलं की पाय लय ठणकायलाय, साब. पाय ऱ्हाईल का न्हाई, तेवढं सांगा.”

डॉक्टरांची नजर त्याच्या दुमडलेल्या गुडघ्यावर गेली. मग मला म्हणाले, “तुमच्या कॉम्प्युटरात पाय सरळ आहे ना?”

“अर्थात. पुस्तकात सगळे पाय सरळच असतात.”

“हा असाच उभा राहणार. मी नको म्हटलं तरी. गुडघा दुमडून बघा.”

चरफडत मी सगळं गणित पुन्हा मांडलं. दुमडलेल्या गुडघ्यात शीर मुडपत होती आणि पलीकडे भला मोठा भोवरा. वरचा जोड त्यातून सुटत होता. तिथली वाहिनी खरबरीत, टाके घालायला अवघड. डॉक्टरांनी तिथेच जोड दिला. काय हात होता त्या माणसाचा! आणि त्याहून नजर.

पुढे ताडकळसच्या बाजारात धोंडिबा दिसला. काठीवर रेललेला, तोच पाय दुमडून. मी हटकलं.

“डॉक्टरसाबांनी मुभा देलीय,” तो हसला.

तेव्हापासून कुठलंही गणित मांडण्याआधी मी विचारतो, माणूस उभा कसा राहतो?