नवरदेवाची बुटकी मोटार

माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी वालूरला नर्स होते. मुलगी येलदरीच्या धरणाच्या पाण्यापलीकडची. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आमचे सोयरे अजून तिथेच राहतात.

त्या गावात जुना रिवाज होता. आमच्या समाजाच्या वस्तीतल्या लग्नाचा नवरदेव चावडीसमोर आला की बसला असेल त्यावरून खाली उतरायचा आणि चालत पुढे जायचा. आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, कायदाही झाला होता. पण कायदा जिंतूरच्या ठाण्यात होता आणि चावडी गावात.

भाऊ पोस्टात कारकून. इतका गरीब स्वभावाचा की तिकिटाला कोणी डिंक कमी आहे म्हणून भांडलं तरी हाच माफी मागायचा. पण या बाबतीत तो मला एकदाच बोलला आणि पुन्हा बोलला नाही.

"अक्का, मी बसून जाणार. उतर म्हनले तर तसाच माघारी येईन. नवरीचं तोंड बघायला बी थांबणार न्हाई."

मधल्या मधे नवरीच्या वडिलांची फरफट झाली. त्यांना जन्मभर त्याच गावात राहायचं होतं. चावडीवर ज्याचा शब्द चालायचा त्या म्हाताऱ्याकडे ते चार खेटे घालून आले आणि तडजोड घेऊन वालूरला माझ्याकडे आले. चहा बशीत ओतून ठेवला तो तसाच राहिला. म्हातारा म्हणाला होता, "बसून जाऊ द्या. पर आमी ओट्यावर बसलेलो असताव. आमच्या डोक्याच्या वर त्याचं डोकं दिसलं न्हाई पायजे."

मी रागावण्यात वेळ घालवला नाही. लग्न आठवड्यावर आलं होतं. बैलगाडीत बसवला तर डोकं वर जात होतं. जीपमध्ये वर, सायकलवर वर. आईने सुचवलं, गाडीत गादी टाकून त्याला आडवा निजवून न्यावा. भाऊ म्हणाला, "मेल्यावर तसंच नेणार हायेत. लग्नाला तरी बसू द्या."

तेव्हा आमच्या मामाने तोंड उघडलं. मामा हैदराबादला एका जुन्या हवेलीत ड्रायव्हर होता. हवेलीचे मालक तरुणपणी शर्यतीची हौस बाळगून होते आणि त्यांची लाल विलायती मोटार अजून चादरीखाली उभी होती. मामा ती अधूनमधून सुरू करून ठेवायचा. तो म्हणाला, आत बसलं की हात बाहेर सोडून रस्त्यावरची माती उचलता येते. मालकांनी मोटार आनंदाने दिली. एवढंच म्हणाले, "ले जाओ मियाँ, पर पानी में नक्को उतारना." मधे धरण आहे हे मामाने त्यांना सांगितलं नाही.

हैदराबादपासून रस्त्याने आणायची म्हणजे मोटारीचं पोट निम्म्या वाटेत राहिलं असतं. म्हणून ती मालगाडीने सेलूला यायची ठरली. उघड्या डब्यात, म्हणजे वाघिणीत, मोटार, आणि गुरांबरोबर गुराखी पाठवतात तसा मोटारीबरोबर मामा.

लग्नाच्या दिवशी सकाळीच मी सेलूच्या मालधक्क्यावर गेले. तिथल्या बाबूंनी कागदावरून नजर न काढता सांगितलं, मोटार वगैरे काही आलेली नाही. दोन वाघिणींत सरकी, एकीत सिमेंट आणि शेवटची रिकामी. रिकामीत एकदा नीट बघा, असं मी म्हटलं. त्यांनी इथून बघितली होती, आणि रिकामी वाघीण रिकामीच असते असं त्यांचं म्हणणं पडलं. ती पुढे मनमाडकडे जाणार होती. इंजिन तिला लागलंसुद्धा. धक्का बसला तशी रिकाम्या वाघिणीतून भोंगा वाजला.

मामा मोटारीतच झोपला होता. वाघिणीची बाजू कमरेइतकी, मोटार त्याहून खाली, आणि मामा मोटारीतही घसरून आणखी खाली. बाबू धावत जाऊन आत डोकावले आणि चिडून म्हणाले, "वाघिणीच्या बाहेर डोकं काढत नाही ती कसली मोटार?"

ते ऐकून मला फार बरं वाटलं. आम्हाला तसलीच हवी होती.

फळ्या लावून मोटार उतरवली आणि आम्ही निघालो. मी मामाच्या शेजारी, पाय लांब करून, न्हाणीघरात पाटावर बसल्यासारखी. बैलगाड्यांचे आस डोळ्यांसमोरून जात होते. देवगाव फाट्यावर पाणी प्यायला थांबलो तर एका शेळीने माझ्याकडे वरून खाली पाहिलं. खड्डा आला की मी उतरायचे, मोटार तेवढीच उचलली जायची, आणि पुढे जाऊन मी पुन्हा आत शिरायचे. जिंतूर येईपर्यंत माझी अर्धी वाट पायीच झाली.

धरणाच्या काठाला वऱ्हाड जमलेलं होतं. जुना रस्ता पाण्यात गेल्यापासून पलीकडे जायला दोन नावा एकमेकींना बांधून वर फळ्या ठोकलेली जोडनाव होती. तिच्यावरून बैलगाड्या जायच्या. त्याची पद्धत ठरलेली: बैल सोडून वेगळे न्यायचे, गाडी ढकलून चढवायची आणि जू खुंटीला बांधायचं. नावाड्याने मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"हिचं जू कुठं हाय?"

मामाने जू नसतं म्हणून सांगितलं.

"बरं, बैल तरी सोडा."

"बैल आतच हायेत," मामा म्हणाला.

नावाडी बॉनेटकडे बघत राहिला आणि मग खुंटीचा दोर त्याने पुढच्या चाकाला बांधायचं ठरवलं.

भाऊ पांढरे कपडे, गळ्यात हार घालून मोटारीत जाऊन बसला. मी म्हटलं, चढवेपर्यंत तरी उतर, वजन कमी होईल. तो म्हणाला, बसून जाणार म्हणजे इथून बसून जाणार. लग्नाच्या दिवशी नवरदेवाशी कसला वाद घालायचा, म्हणून मी सोडून दिलं.

पुढची चाकं नावेवर गेली, मागची काठावर राहिली आणि मोटारीचं पोट नावेच्या काठावर टेकलं. पुढे जाईना, मागे येईना. नवरदेव मधोमध. वऱ्हाडातल्या प्रत्येक पुरुषाने एकेक सूचना केली आणि कोणीही हात लावला नाही. नावाडी म्हणाला, "म्हस बसली. आता तिच्या मनात यील तवा उठंल."

मी काठावर बसून खालून नीट पाहिलं. मोटार उचलायची गरज नव्हती, नाव उंच होती. ती वीतभर खाली गेली की काम होणार होतं. मी वऱ्हाडातल्या बायांना हाक मारली आणि नावेवर चढायला सांगितलं. आमच्या घराण्यातल्या आत्या, काकू, मावश्या कोणी हलक्या अंगाच्या नाहीत. त्यांच्या कडेवर पोरं आणि हातात ट्रंका. एकेक चढत गेली तशी नाव बसत गेली. थोरली आत्या चढली आणि मोटारीचं पोट सुटलं.

मामाने ती हळूच पुढे घेतली. आता नावेवर मोटार आणि बाया दोन्ही मावत नव्हत्या. मोटार एक हात पुढे आली की बायांची एक रांग नावेच्या पलीकडच्या बाजूने गुडघाभर पाण्यात उतरायची. शेवटी थोरली आत्या आणि मोटारीचं नाक समोरासमोर उभी राहिली. आत्या म्हणाली, "मी न्हाई भिजणार. नवं लुगडं हाय." तिला मोटारीच्या टपावर बसवावं तर मोटारीला टप नव्हता. अखेर ती बॉनेटवर बसली, पाय आखडून, आणि तशीच धरण पार करून गेली.

मधल्या पाण्यात वारा सुटला. लाटेचं पाणी मोटारीच्या दारावरून आत भावाच्या मांडीवर आलं. मामा मालकांची आठवण काढून स्वतःची समजूत घालत होता. "पानीत उतरवू नको म्हनले होते," तो म्हणाला. "आपन उतरवली न्हाई. आपन वरूनच चाललाव."

पलीकडच्या काठावर उतरताना पुन्हा नाव खाली बसवावी लागली. तोवर छोट्या होड्यांतून बाकीच्या बाया पोचल्या होत्या. त्या आता सरावल्या होत्या. न सांगता चढल्या आणि न सांगता उतरल्या.

गावाच्या तोंडाशी नवरीचे वडील उभे होते. त्यांनी मोटार पाहिली, तिच्याशेजारी उकिडवे बसले, भावाच्या डोक्याची उंची स्वतःच्या हाताने मोजली आणि मग पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

हलगी वाजू लागली. चावडीचा ओटा भरलेला होता, म्हातारा मधे. पुढे आमची माणसं, दोन्ही बाजूंना आमची माणसं, आणि सगळ्यांच्या कमरेखालून मोटार. ओट्यावरून कोणाला नवरदेव दिसेना. इंजिनाचा आवाज येत होता, लाल काहीतरी सरकत होतं, एवढंच. आधी ओट्यावरच्यांनी माना लांब केल्या. मग कडेचा एकजण उभा राहिला. त्याच्यामुळे मागच्याला दिसेना म्हणून तो उभा राहिला. बघता बघता सगळा ओटा उभा होता. म्हातारा तेवढा बसून होता आणि त्याला आता काहीच दिसत नव्हतं. शेवटी तोही उठला, पायऱ्या उतरून खाली आला, काठी टेकवून मोटारीवर वाकला.

हलगी थांबली. नवरीच्या वडिलांनी माझा दंड धरला, तो अजून दुखतो असं मी गमतीने सांगते.

म्हाताऱ्याने आत बराच वेळ पाहिलं. "पाय कुठं ठिवता?" त्याने विचारलं.

"लांब करायचे, काका," भाऊ बसल्या जागेवरून म्हणाला. "लय ऐसपैस हाय."

म्हातारा बरं म्हणाला आणि बाजूला झाला. मोटार पुढे गेली. भाऊ उतरला तो मांडवाच्या दारात.

लग्न लागलं, जेवणं झाली आणि नवरीला न्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की मोटारीत दोनच जागा आहेत. एकीत मामा, एकीत नवरदेव. इतक्या खटपटीत नवरी कुठे बसणार याचा विचार कोणीच केला नव्हता, मला धरून. वेळ नव्हता. नवरीच्या वडिलांची बैलगाडी जुंपली. तिच्यात आंदणाची भांडी, ट्रंक, गाद्यांची वळकटी, आणि वळकटीवर नवरी. मोटार पुढे, गाडी मागे, अशी वरात परत चावडीसमोर आली. ओट्यावरचे सगळे मोटार बघायला खाली आलेले होते आणि मामा त्यांना भोंगा वाजवून दाखवत होता.

नवरी त्यांच्या मागून वळकटीवर बसून गेली, चावडीच्या पत्र्याच्याही वर. तिच्यासाठी कोणी अट घातली नव्हती. तिनेच मला नंतर सांगितलं की त्या पत्र्यावर कोणाच्या तरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. ती त्या गावात जन्मली, वाढली, पण पत्र्यावर काय असतं ते तिला तोवर माहीत नव्हतं.