गव्हाची तहान मोजणारं भांडं

आमच्या घरात मी शिकलेला समजला जातो. हा समज माझ्याशिवाय कुणीच पसरवलेला नाही. त्यामुळे अरुणावतीच्या खोऱ्यात ओलिताची पिकं किती पाणी पितात याचा अंदाज काढणाऱ्या एक मॅडम गावात आल्या, तेव्हा "हे काम माझ्यावर सोडा" असं म्हणणारा मीच होतो.

काम असं. अंगणात पत्र्याचं मोठं गोल भांडं पाण्यानं भरून ठेवायचं आणि उन्हावाऱ्यानं पाणी किती उतरलं ते रोज सकाळी आतल्या पट्टीवर पाहून मॅडमना फोनवर कळवायचं. त्यावरून त्या गव्हाची तहान काढणार आणि खोऱ्यातल्या साऱ्या गव्हाचा हिशेब मांडणार. हे मी चहाच्या टपरीवर इतक्यांदा समजावून सांगितलं की मला येताना पाहिलं की टपरीवाले चाचा मोबाइलवरची कव्वाली मोठी करायचे.

यंदा गावच्या तलावात पाणी थोडं होतं. ते गव्हाच्या शेवटच्या पाळीला सोडायचं की उन्हाळ्यात जनावरांसाठी राखायचं, हे गावची पाणी समिती याच अंदाजावरून ठरवणार होती. माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, गहू नेमका दाण्यावर आलेला. पाळी हुकली तर दाणा पोचट राहणार.

आणि भांड्यातलं पाणी तर उतरायचं नाव घेईना. अंगणात अनवाणी पाय ठेववत नव्हता, पण पाणी पट्टीवर जागच्या जागी. एक दिवस तर ते वर चढलं. शिकलेल्या माणसानं अशा वेळी चकित होऊन चालत नाही. मी मॅडमना पहाटेच्या दवाचं कारण दिलं, दादाला हवेतल्या ओलाव्याचं. दादा आधी आभाळाकडं पाहायचा, मग माझ्याकडं, आणि शेताकडं निघून जायचा.

समितीची बैठक भांड्यामुळं आमच्याच अंगणात भरली. मॅडमही आल्या होत्या. मी उभा राहून, घसा साफ करून सांगितलं की यंदा पाणी फारसं उडत नाही, तेव्हा गव्हाला शेवटच्या पाळीची तशी गरज दिसत नाही.

"माया गहू तिकडं वाळून राह्यला," दादा म्हणाला, "अन् तू म्हंतं त्याले तहानच नाइ?"

मी दवाबद्दल सांगू लागलो. तेवढ्यात मंडळींना पाणी देऊन वहिनी परत चालली होती. जाता जाता तिनं तांब्यात उरलेलं पाणी सहज त्या भांड्यात ओतलं.

साऱ्यांच्या माना भांड्याकडं वळल्या. मॅडमनी हळूच विचारलं, असं रोज टाकता का?

"रोजच तं. पाखरं येतेत पाण्याले. अन् दारातलं भांडं उतरलेलं बरं दिसते काय?"

किती टाकता, हे विचारल्यावर तिला हसूच आलं. हाती उरलं तेवढं, ते काय मोजायचं? मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊजी रोज सकाळी वाकून पाह्यत. मले वाटलं, यायलेबी पाखरायचा नाद लागला."

समितीचे म्हातारे अध्यक्ष टोपीनं तोंड झाकून हसले. मॅडम हसल्या नाहीत. माझे सगळे आकडे बाद झाले, एवढंच म्हणाल्या. मग सारी मंडळी उठून दादाच्या शेतात गेली. दोन-तीन जागी फावड्यानं खणून पाहिलं. खालपर्यंत कोरडं. जनावरांपुरतं पाणी राखून पाळी सोडायची, पण आखूड, असं बांधावरच ठरलं.

दादाची पाळी आली त्या दिवशी त्यानं मला शेतात नेलं आणि फावडं हातात दिलं. पाणी वाफ्यात शिरलं, पण पुढं सरकेना. काळ्या जमिनीच्या भेगा ते घटाघट गिळत होत्या. बऱ्याच वेळानं दादानं विचारलं, "सांग आता, किती पाणी प्याला?"

मी वाफ्याकडं पाहत म्हटलं, "अजून पिऊन राह्यला."

दादा पहिल्यांदाच माझ्या एखाद्या अंदाजाला हो म्हणाला.