पडद्याआडचा साहेब

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. कारण आमची मंडळी बाहेर येऊन बसली, की हा किस्सा ती स्वतः सांगायला घेते, आणि तिच्या सांगण्यात मी जितका मूर्ख दिसतो तितका मी नाही. थोडा कमी आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, तीस वर्षं मी तहसील कचेरीत कारकुनी केली. दिवाळी सरली की साहेबाचा दौरा निघायचा, आणि साहेबाच्या एक मुक्काम पुढं मी. तंबू कुठं ठोकायचा, पाणी कोणत्या विहिरीचं, बैलांना कडबा, साहेबाला कोंबडी, सगळी तजवीज माझ्याकडं. गोरे साहेब आले, आपले आले. सरकारी कागदाच्या माथ्यावर वऱ्हाडाच्या आधी मध्यप्रांत लिहायचा हुकूम आला, तेही लिहिलं. दौरा काही बदलला नाही.

साहेब मुक्कामाला पोचले की लोक अर्ज घेऊन यायचे. साहेब शेरा सांगायचे, मी अर्जाच्या कोपऱ्यात लिहायचो, 'सवडीने पहावे.' दहातल्या नऊ अर्जांवर हेच. माझ्या बोटांना त्याची इतकी सवय झाली होती की साहेबांनी तोंड उघडायच्या आत शेरा तयार.

घरी परतलो की रोज संध्याकाळी मी मुक्कामाच्या गोष्टी सांगायचो. अमराईतला तंबू, मोहोराचा वास, सकाळच्या धुक्यात पेटलेली चूल. ही भाकरी थापता थापता ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची, "मले कवा नेता?"

"सवडीनं पाहू," मी म्हणायचो. दर वर्षी. आज मोजलं की लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, हे खरं सांगतो.

बरं, मुक्कामावरून मी तिला चिठ्ठ्या धाडायचो, नाही असं नाही. 'मुक्काम अमुक. प्रकृती ठीक. घरी जळण आहे किंवा कसे, कळविणे.' नवऱ्यानं बायकोला असं लिहावं का? पण दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. शेजारचे मास्तर तिला वाचून दाखवत. चिठ्ठ्या मात्र ती पेटीत जपून ठेवायची. त्यात जपण्यासारखं काय होतं, देव जाणे.

शेवटी पेन्शन झाली. पोरी आपापल्या घरी नांदत होत्या, मागं कसली ओढ नव्हती. मी सुताराला बोलावलं आणि आमच्या बैलबंडीवर घर बांधून घेतलं. हसू नका, घरच होतं ते. वर बांबूची कमान, तिच्यावर कचेरीच्या लिलावात निघालेल्या जुन्या तंबूचं कापड. आत फळ्यांचा पलंग, पलंगाखाली भांड्यांचा खण, लोटा टांगायला खुंटी, मागं लोखंडी शेगडी आणि पुढं निळा पडदा. चिखलीहून अमडापूर, खामगाव, असं झाडाझाडाखाली उतरत शेगावला जायचं, दर्शन घ्यायचं आणि तसंच रमतगमत परत. ही रोज उठून त्या बंडीत एकदा बसून यायची. बैल गोठ्यात, बंडी अंगणात, आणि ही पडद्याआड. विचारलं तर म्हणे, "सवय करून राह्यली."

गाडी हाकायला किसन. हा आमच्या कचेरीचा शिपाई, माझ्याच महिन्यात सुटलेला. त्याचा पितळी बिल्ला सरकारजमा झाला, पण लाल पट्टा जुना म्हणून त्याच्याकडंच राहिला. त्या पट्ट्याशिवाय त्याला म्हणे कंबर असल्यासारखंच वाटत नसे.

आता चूक कुठं झाली ते ऐका. पहिला मुक्काम अमडापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात ठरवला. खेड्याचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला पाहून हसतात. म्हटलं, दुसऱ्याच्या अमराईत उतरायचं तर पाटलांना आधी कळवलेलं बरं. चिखलीच्या बाजाराला त्या गावचा एक माणूस आला होता, त्याच्या हाती चार ओळी दिल्या.

"काय लिवलं?" हिनं विचारलं.

"आपण दोघं येतो म्हणून लिहिलं. आणखी काय लिहिणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गावाजवळ आलो, तर रस्ता झाडलेला. नुसता झाडलेला नाही, पाणी शिंपडलेला. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण. मला वाटलं, गावात लग्न असेल. मी हिला म्हटलंसुद्धा, की बघ, कसा मुहूर्तावर आणला तुला.

अमराईत गेलो तर तिथं माणसांची ही गर्दी. पुढं पाटील, नवं पागोटं बांधून. बाजूला कडब्याच्या पेंढ्या, सरपणाचा ढीग, दुधाची कासंडी. गावाचा पटवारी दप्तर छातीशी धरून उभा, आणि घाम इतका की माघाची थंडी त्याच्यापुरती उठली असावी.

"राम राम, बाबूसाहेब," पाटील म्हणाले. "साहेब मांगून येऊन राह्यले का?"

"साहेब कोण? साहेब-बिहेब काही नाही, पाटील. मी आता पेन्शनीत आहे. आम्ही आपले शेगावला निघालो."

पाटलांनी बंडीकडं पाहिलं. तंबूच्या कापडावर ढळढळीत सरकारी छाप. पडदा खाली सोडलेला. पुढं किसन, लाल पट्टा लावून, काठी टेकून, हुबेहूब पहाऱ्यावर. आणि नेमकी तेव्हाच पडद्याआड ही खोकली. वाटेच्या धुळीनं बिचारीचा घसा भरला होता, आणि एवढी पुरुषमंडळी पाहून ती बाहेर यायला लाजत होती.

पाटील हलक्या आवाजात म्हणाले, "समजलं, बाबूसाहेब. गुपचूप दौरा हाये. साहेबाले खोकला झाला वाट्टे."

"अहो, नाही! माझी मंडळी आहे आत."

"बरोबर हाये. तुमी असंच सांगा. मी बी कोनाले बोलत नाई."

मग त्यांनी पागोट्याच्या घडीतून माझी चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. वाचली, आणि पुन्हा वाचली. अक्षर माझं, खाली सही माझी, तीस वर्षांची वळणदार. 'उद्यां दुपारपूर्वी मौजे मजकूरच्या अमराईंत मुक्काम होईल. पाणी, सरपण, कडबा, दूध यांची तजवीज ठेवणे. चावडी साफ असावी. कसूर होऊ नये.'

मला सांगा, शेगावला निघालेल्या नवराबायकोला चावडी कशाला साफ लागते?

पेन्शन सुरू होऊन दोनच महिने झाले होते. सरकारच्या नावानं मी गावाकडून दूध-कडबा उकळतो, अशी बातमी बुलढाण्याला पोचली तर पेन्शनीचं काय होईल? मी घाईघाईनं म्हटलं, "पाटील, हे दूध परत न्या. कडबा न्या. आम्हाला काही नको."

झालं. हीच दुसरी चूक. आजवर आलेल्या कुठल्याच दौऱ्यानं दूध परत केलं नव्हतं. गर्दीत कुजबूज पसरली, "लय कडक साहेब हाये. दूध बी घेऊन नाई राह्यला." पटवाऱ्यानं तिथंच दप्तर सोडलं आणि कोणी न विचारता म्हणाला, "दोन खाते लिवाचे राह्यले हायेत, पन आज करतो."

तेवढ्यात कोणीतरी शाळेतलं टेबल आणून आंब्याखाली मांडलं. त्यावर दौत, टाक, कोरे कागद. एक शेतकरी पुढं आला. त्याचा बैल कोंडवाड्यात अडकला होता. एवढं एकच लिहून द्या म्हणाला. म्हटलं, लिहून द्यायला काय जातं? बसलो.

काय सांगू तुम्हाला, टाक बोटात आला आणि दोन महिन्यांनी मला माझा हात सापडला. एक अर्ज झाला, दुसरा झाला. किसननंही न सांगता काठी आपटून पुकारायला सुरुवात केली, "हाजिर हो!" सावली टेबलाच्या या बाजूची त्या बाजूला गेली. वर मोहोर होता, त्याचा वास होता. तीस वर्षं मी जिला त्या वासाच्या गोष्टी सांगितल्या, ती दहा हातांवर पडद्याआड एकटी बसली होती. आणि मला तिची आठवणसुद्धा नव्हती. पेन्शनची भीती गेली होती, बायको गेली होती, मी पुन्हा दौऱ्यावर होतो.

किसननं पुकारलं, "कौसाबाई!"

एक म्हातारी पुढं आली. शेजाऱ्यानं विहिरीच्या वाटेवर काट्यांचं कुंपण घातलं होतं, तिला घागर घेऊन लांबून यावं लागत होतं. मी लिहायला लागलो. ती म्हणाली, "कागद नको बाप्पा मले. तीनदा देल्ला. मी साहेबालेच तोंडानं सांगतो."

आणि कोणाला काही कळायच्या आत ती बंडीजवळ गेली, पडदा उचलला आणि आत चढली.

पाटलांनी डोळे मिटले. आतून काही ऐकू येईना. मग बायकांची कुजबूज ऐकू आली, मग हसणं. मग हिचा आवाज आला, "अवो, पाटलाले म्हना, या बाईच्या वाटेवरची काटी काढून टाका. म्हातारं मानूस, कितीक हिंडन?"

पाटील हात जोडून पडद्याला म्हणाले, "हुकूम, सरकार." आणि माझ्या कानाशी, "मडमसाहेब हाये व्हय? मराठी लय चांगलं बोलते."

दोन माणसं कुंपण उपटायला पळालीसुद्धा. तीन अर्जांनी जे झालं नाही ते पडद्यानं केलं.

मग पडदा वर झाला. कौसाबाई उतरली आणि तिच्यामागून डोक्यावरचा पदर सावरत आमची ही. हिरवं लुगडं, या प्रवासासाठी घेतलेलं, बसून बसून चुरगळलेलं. गर्दी बघतच राहिली.

"साहेब नाई अन मडम नाई," कौसाबाई म्हणाली. "आपल्यासारखीच बाई हाये, चिखलीची. याची बायको." मग ती टेबलासमोर येऊन उभी राहिली. "काऊन रे बाबू? तीस वर्सं हे बाई घरी वाट पाहून राह्यली. आज बाहेर आनली, तं इथं बी कागद घेऊनच बसला?"

मी कुठं बघू? पाटलांकडं बघितलं, तर ते माझी पेन्शन बुडवण्याइतके रागावलेले दिसत नव्हते. ते तोंडावर उपरणं धरून हसत होते. पटवारी मात्र उघड्यावर पडलेलं दप्तर गुंडाळत माझ्याकडं असा पाहत होता, की त्याला मी जन्मभर विसरणार नाही.

"आता हिची अर्जी लिव," कौसाबाई म्हणाली. "आमच्या सगळ्याइच्या लिवल्या ना?"

लोकांनी जागा करून दिली. ही टेबलापुढं उभी राहिली, अर्जदारासारखी. मी मान खाली घालून विचारलं, "काय लिहू?"

तिनं वर मोहोराकडं पाहिलं. मग म्हणाली, "लिवा. मले आंब्याखाली बसाचं हाये. दुसरं काई नाई. नवरा संगं पाहिजे, अन त्याच्या हाती कागद नसावा."

मी लिहिलं. एकेक शब्द तिनं सांगितला तसा लिहिला, आणि मान वर केली तर ती कागदाच्या कोपऱ्याकडं बघत होती. तिचे ओठ हलत होते.

मीही बघितलं. कोपऱ्यात, जिथं शेरा असतो तिथं, माझ्या हातानं लिहिलं होतं: 'सवडीने पहावे.'

देवाशपथ, मी लिहिलं नाही. हातानं लिहिलं.

सुचेना तेव्हा मी भलतंच विचारलं, "तुला वाचता येतं?"

"मास्तर तुमच्या चिठ्ठ्या वाचून दाखवत," ती म्हणाली. "मले वाटे, मधातलं काई ते लाजून वाचत नसतीन. मंग त्याइच्या बायकोपासून मीच शिकली. वाचून पाह्यलं, तं मधात काईच नोतं."

मी टाक खाली ठेवला. तिनं तो उचलला, माझा शेरा हळूच खोडला आणि त्याच्या शेजारी, जीभ दातात धरून, वाकडंतिकडं लिहिलं: 'मंजूर.'

तिचं अक्षर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती.

टेबल शाळेत परत गेलं. दूध मात्र पाटलांनी परत नेलं नाही. म्हणाले, "हे सरकारले नाई, बाईले हाये." कौसाबाईनं घरून भाकरी आणि ठेचा आणला. आम्ही दोघं आंब्याखाली सतरंजी टाकून बसलो. मग तिनं एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "वास तुमी सांगतला होता तसाच हाये." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोहोरानं येतं कधीकधी.

शेगाव झालं, लोणार झालं. पुढंही बरेच मुक्काम झाले. पाटलांना चिठ्ठ्या आता हीच लिहिते. 'आम्ही दोघं येतो. झाडाखाली बसू. काही करू नका.' त्या कागदाला माझा हात लागू द्यायचा नाही, असा नियम आहे. मुक्काम पडला की ती सतरंजीवर बसते, किसन पट्टा लावून तिच्या मागं उभा राहतो, आणि मी शेगडी पेटवून तिला पहिला चहा नेऊन देतो.

सरकारी चाकरी सुटली, पण साहेब काही सुटला नाही. आणि हा साहेब भलता कडक आहे. चहात साखर कमी पडली, तर नुसतं माझ्याकडं बघते आणि म्हणते, "कसूर होऊ नये."