खंडेनवमीचा दोरा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. तो जाईपर्यंत मला देवमाणूस समजत होता, आणि असले गैरसमज बायकोने आपणहून दूर करू नयेत. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रहाटणीच्या भाजीबाजारात समोर आलात तरी मी दुधी निरखत उभी राहीन, तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही.

निमित्त झालं नातीच्या कॉम्प्युटरचं. मनवा कॉलेजात आहे. तिच्यासाठी मुलाने कुणाचा तरी वापरलेला डेस्कटॉप आणला. टेबलाखाली मोठा डबा, वर स्क्रीन. गेल्या आठवड्यात त्याने रुसवा धरला. सुरू व्हायचा, दहा मिनिटं शहाण्यासारखा चालायचा आणि मग आहे तिथेच गोठायचा. माउसचा बाण हलेना, कुठलंही बटण दाबा, हूं नाही की चूं नाही. बंद करून थोडा वेळ ठेवला की पुन्हा दहा मिनिटं. पोरीने विंडोज नव्याने टाकून पाहिलं, रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली, मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले. मी शेजारी मेथी निवडत होते. म्हटलं, "अगं, गार असताना चालतो नि तापला की बसतो. बाजूचं झाकण काढ आणि आतला पंखा फिरतोय का ते बघ."

पंखा फिरत नव्हता. धुळीचा नुसता नमदा बसला होता त्याच्यावर. ब्रशने साफ केला आणि गाडी रुळावर.

"आजी, तू लय भारी आहेस राव! कुठं शिकलीस हे?"

आणि मी सहासष्ट वर्षांची बाई, दातांपेक्षा नातेवाईक जास्त राहिलेली. मी काय करावं? सतरा-अठरा वर्षं घरात सांगत आलेली तीच गोष्ट पुन्हा सांगितली. आमच्या कंपनीतला कॉम्प्युटर असाच गोठायचा, सगळ्यांनी हात टेकले आणि मी केसांतल्या आकड्याने तो कसा दुरुस्त केला. मनवाने ती लगेच मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलीसुद्धा.

गोष्ट खोटी नाही. फक्त तिची सुरुवात मी सांगत नाही.

तर सुरुवात. चाकणला एक लहानसा कारखाना होता. गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट बनवायचे. नाशिक फाट्यावरून कंपनीची गाडी न्यायची, तीच संध्याकाळी सोडायची. मी तिथे स्टोअरला होते. कुठला माल आला, कुठला गेला, सगळं रजिस्टरात माझ्या मोत्यासारख्या अक्षरात. अक्षराचा कोण गर्व मला! मग शेठनी कॉम्प्युटर घेतला. मी मनात धरून चाललेले की त्या खुर्चीवर आता कुसुमताई. जुनी कोण? मी. खुर्ची मिळाली शैलाला. ती परभणीकडची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. पण तिने क्लास केला होता आणि मला चालू करायचं बटण कुठलं तेही ठाऊक नव्हतं. हे कारण मला फारच क्षुल्लक वाटलं.

शैला वाईट होती का? छे. डब्यातली शेंगदाण्याची चटणी आधी माझ्या पोळीवर ठेवायची, मग स्वतःच्या. एकदा जेवताना तिने साडी घोट्याच्या वर सरकवून दाखवली. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. डॉक्टरांनी फार वेळ उभं राहू नका असं बजावलेलं. "ही खुर्ची मिळाली, देवच पावला बगा ताई," म्हणाली. मी तिच्या पायांकडे बघत होते आणि खुर्चीचा विचार करत होते.

आली खंडेनवमी. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी मशिनी चालत नाहीत, पुसून-तेल देऊन त्यांची पूजा होते. प्रेसला माळ, ड्रिलला माळ, वजनकाट्याला हळदकुंकू. शेठ म्हणाले, कॉम्प्युटरचीही करा. शैला पुढे झाली, तशी मी तिच्या हातातून तबक घेतलं. खुर्ची तुझी, तर पूजा तरी माझी! असा माझा तेव्हाचा न्याय. अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी आणि वागणं बालवाडीतलं. तो डबा वरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये तापायचा, म्हणून त्याच्या बाजूचं झाकण कायम काढून भिंतीला टेकवलेलं असायचं. मी चांगली हातभर झेंडूची माळ घातली. शैला हळूच म्हणाली, "ताई, आत लोंबतंय की ओ." मी म्हटलं, "देवाधर्मात आडवं बोलू नये."

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, शैलाने कॉम्प्युटर चालू केला. दहा मिनिटांत गोठला. पुन्हा चालू, पुन्हा गोठला. खाली माल भरून ट्रक उभा आणि सोबत द्यायचं मालाचं चलन काही छापून निघेना. शेठचा आवाज चढला. पिंपरी कॅम्पातल्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तो फोनवरच म्हणाला, "शेठ, व्हायरस हाय. पेन ड्राइव्ह कोण लावतंय तिथं?"

शेठनी केबिनभर नजर फिरवली. आणि मी बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं. "शैला लावते. मुलीच्या शाळेचं काहीतरी असतं."

यात खोटं काय? काहीच नाही. तीच तर गंमत आहे. शैला रडकुंडीला येऊन म्हणाली, "एकदाच लावला होता ओ शेठ, पोरीचा प्रकल्प होता." पण ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, आणि अशा वेळी माणसाला कारण नको असतं, माणूस हवा असतो. शेठ म्हणाले, "उद्यापासून तुम्ही खाली पॅकिंगला." पॅकिंग म्हणजे आठ तास उभं.

दुरुस्तीवाला शुक्रवारी येणार होता, गुरुवारी एमआयडीसीची आठवड्याची सुट्टी. बुधवारी संध्याकाळी सगळे खाली गाडीची वाट बघत असताना मी वर गेले, झाकण काढलं, आकड्याने पंखा मोकळा केला. शुक्रवारी कॉम्प्युटर दिवसभर चालला. "मी जरा आकड्याने खटपट केली," एवढंच मी शेठना सांगितलं. शेठनी पेढे आणले. म्हणाले, "कुसुमताई, तुम्हीच बसा आता इथं, बाकीचं शिकून घ्या." मी बसले. निवृत्त होईपर्यंत बसले. शैला दिवाळीपर्यंत पॅकिंगला उभी होती, दिवाळीनंतर आलीच नाही.

बघा, इथवर आले तरी मी अजून सांगितलेलंच नाही. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारीने चुकून माळ आत सोडली, उगाच चुगली केली, नंतर दोष सापडल्यावर गप्प बसली. एवढंच असतं तर मी केव्हाच कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते. चूक सांगायला काय लागतं? चार लोक हसतात, आपणही हसतो.

पण मी 'झाकण काढलं' म्हटलं ना, ते तुमच्या ध्यानात आलं का? ते तर कायम उघडं असायचं. मग लावलं कुणी?

त्या सकाळी कॉम्प्युटर पहिल्यांदा गोठला, तेव्हा शैला शेठना बोलवायला खाली गेली. केबिनमध्ये मी एकटी. सुकलेली माळ काढावी म्हणून उचलली, तर ती येईना. ओढली, तरी येईना. वाकून पाहिलं. दोऱ्याचं एक टोक पंख्यात ओढलं गेलं होतं, दांड्याभोवती पाच-सहा वेढे, मध्ये झेंडूचा लगदा. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नव्हतं. पण अडकलेला पंखा कळायला क्लास लागत नाही.

जिन्यावर शैलाच्या चपला वाजल्या. हाक मारायला एक क्षण पुरला असता. मी दोरा दातांनी तोडला. टोक आतच राहू दिलं. भिंतीला टेकवलेलं झाकण उचललं आणि डब्याला घट्ट लावलं.

फोन नंतर झाला. पेन ड्राइव्हचं मी नंतर बोलले. सगळं माहीत असताना बोलले.

आणि ती माळ? निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून मी ती पिशवीत घालून जपून नेली, दुसऱ्या दिवशी इंद्रायणीत सोडली, वर हात जोडले. बुधवारी पंख्यातून निघालेला दोरासुद्धा तसाच सोडला. इतकी मी धार्मिक.

काही वर्षांनी पिंपरीच्या बाजारात शैला भेटली. पायांना पट्ट्या बांधलेल्या. तिनेच हाक मारली, माझ्या सुनेची चौकशी केली. म्हणाली, "तुमी दुरुस्त केला म्हणं कॉम्प्युटर, लई बरं झालं ताई. माझ्यापायी शेठचं नुकसान झालं याचंच वाईट वाटायचं. पोरीलाबी मी मग कुठल्या कॉम्प्युटरला हात लावू दिला न्हाई." मी म्हटलं, "होतं असं कधी कधी." आणि कोथिंबिरीचा भाव विचारायला वळले.

शैलाने काही केलं नव्हतं. त्या पेन ड्राइव्हमध्ये तिच्या पोरीच्या शाळेचा प्रकल्प होता. माळ मी घातली होती, दोरा मी पाहिला होता, झाकण मी लावलं होतं.