मामाचा राग आणि माझे काळवंडलेले डोळे

देवाने राग घडवला तो आमच्या खकनार गावच्या मामासाठीच, आणि उरलासुरला बाकीच्या जगाला वाटून टाकला, असं माझं ठाम मत आहे. बैल सावकाश रवंथ करतो म्हणून मामा चिडे. गोरा साहेब अर्ध्या चड्डीत दौऱ्यावर येतो म्हणून साऱ्या सरकारवर चिडे. "राज्य कराले निघाले, अन् साधं धोतर नेसता येत नाई!" पण त्याचा खरा, ठेवणीतला राग होता तो माझ्या डोळ्यांसाठी.

माझी आई मी लहान असतानाच गेली आणि वडिलांनी दुसरं लग्न केलं. या नव्या आईला मी माई म्हणे. शहरातल्या बुधवारा पेठेत आमच्या घराला लागूनच पिंजाऱ्याचं दुकान होतं. दिवसभर पिंजलेल्या कापसाचे तंतू उडायचे, मी शिंकायचो, नाक गळायचं आणि डोळ्यांखाली काजळ सांडल्यासारखी काळी वर्तुळं. गल्लीने निकाल दिला : सावत्र आई पोराला उपाशी ठेवते! मला अजून संताप येतो. आपल्या भातावरचं तूप माझ्या पानात ओतून कोरडी भाकर खाणारी ती बाई! शेजारणींपैकी एकीनेही घरात येऊन पाहिलं नाही, निकाल मात्र सगळ्यांनी दिला.

मामा तर दर बाजाराला बैलगाडी घेऊन यायचा, ओट्यावरच माझी खालची पापणी ओढायचा आणि गर्जायचा, "पहा, पोराच्या पोटात अन्न नाई!" माई दाराआड पदर तोंडाशी धरून उभी. वडील पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसलेले. एका दिवाळीनंतर मामाने मला उचलून गाडीतच घातलं. "महिनाभरात डाग घालवतो. गेले, तर पोर माझंच. परत धाडणार नाई!" माईने दशम्या बांधून दिल्या.

खकनारला दूध, तूप, लोणी यांचा मारा सुरू झाला. झोपायला ऊबदार जागा म्हणून मला दिली ती नव्या कापसाची खोली, आढ्यापर्यंत भरलेली! मी असा शिंकायचो की वळचणीच्या चिमण्या उडायच्या. वर्तुळं आणखी काळी झाली. मामाने दूध वाढवलं. शेवटी मामी म्हणाली, "आता काय म्हशीखालीच बसवता त्याले?"

मामा तापट होता, पण खोटा नव्हता. महिना सरताच त्याने गाडी जुंपली, बुधवाऱ्यात भर गल्लीत मला उभं केलं, पापणी ओढली आणि ओरडला, "पहा रे! महिनाभर माह्या घरचं तूप खाल्लं यानं! आता म्हणा, मामा उपाशी मारतो! म्हणा ना!" मग तो माईसमोर गेला, हात जोडले, आणि लगेच पुन्हा उसळला, "अन् तू काहून बोलली नाई? तोंड नाई तुले?"

"तुम्ही बोलू द्याल तवा ना, दादा!" माई म्हणाली. त्याच्यासमोर ती बोलली ती पहिल्यांदाच.

माईला सख्खा भाऊ नव्हता. त्या वर्षापासून मामा दर भाऊबीजेला यायचा आणि ओवाळून घेताना निरांजनाची वात वाकडी आहे म्हणून तिच्यावर चिडायचा.

आज माझ्या नातीच्या डोळ्यांखाली तशीच वर्तुळं आहेत. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅलर्जी आहे, नाक चोंदलं की असं होतं, धूळ-कापूस टाळा. दोन वाक्यांत संपलं. ते जराही रागावले नाहीत. मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मामा गेला त्या वर्षीच्या भाऊबीजेलाही माईने ताट मांडलं होतं. वात मुद्दाम वाकडी ठेवली, बराच वेळ दाराकडे पाहत बसली, आणि मला म्हणाली, "आता माझ्यावर रागवायला कोणी राहिलं नाही रे."